निवळीचे बी आणि यमुनेचा फेस

दिवाळी सरून छठपूजेचे दिवस जवळ आले की दिल्लीत कालिंदीकुंजाच्या बाजूस यमुनेवर एक विलक्षण देखावा दिसू लागतो. ओखल्याच्या बंधाऱ्यावरून पाणी खाली कोसळते आणि पात्रभर पांढऱ्याशुभ्र फेसाचे ढीग तरंगू लागतात. दुरून पाहणाऱ्यास हिमालयातले बर्फच वाहत आले की काय, असा भास व्हावा. जवळ गेल्यावर मात्र नाकाला रुमाल लावावा लागतो. काही वर्षांपूर्वी कचेरीतील एका बिहारी सहकाऱ्याच्या आग्रहावरून आम्ही तेथे गेलो होतो. त्याची वृद्ध आई कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली, दोन्ही हातांनी फेस बाजूस सारून तिने सूर्यास अर्घ्य दिले आणि वर आल्यावर लुगड्याचा पदर पिळीत आम्हांस विचारले, "तुम्ही लोक सरकारात आहात ना? मग हे जाणार तरी कसे?"

आम्ही सरकारात आहोत हे खरे. पण कारकून आहोत. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे कसा जातो हे आम्ही सांगू शकतो, पाण्यात विरघळलेली घाण पाण्याबाहेर कशी जाते हे त्या दिवशी आम्हांस सांगता आले नाही. तो प्रश्न मनात सलत राहिला म्हणून पुढे सवडीने जे वाचले, त्यातून हा लेख झाला आहे. परप्रांती नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांना ह्या इतिहासात गोडी वाटावी असे एक कारणही आहे. त्याचा पहिला अध्याय ज्या वस्तूपासून सुरू होतो, तिचे आपल्या भाषेतील नावच तिचे काम सांगते. ती वस्तू म्हणजे निवळीचे बी.

आमचे आजोळ कृष्णाकाठी. आषाढात नदीला तांबडे पाणी आले की आजी पितळी घागरीत तुरटीचा खडा चार वेळा फिरवी आणि घागर कोणी हलवू नये म्हणून माजघराच्या कोपऱ्यात ठेवी. तिच्या सासूच्या काळी तुरटीऐवजी निवळीचे बी सहाणेवर उगाळून पाण्यात कालवीत, असे ती सांगे. सकाळपर्यंत गाळ तळाशी बसे आणि वर निवळशंख पाणी राही. संस्कृतात ह्या झाडास कतक म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात गढूळ पाणी निवळविण्याचे सात उपाय सांगितले आहेत, त्यांत पहिले नाव कतकाचे आहे; पुढे गोमेद, कमळाच्या कंदाची गाठ, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मोती आणि मणी येतात. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रातही चिखल छेदणाऱ्या ह्या फळाची उपमा आहे. ज्या अर्थी नाटकात उपमा म्हणून ती चालली, त्या अर्थी प्रेक्षकांच्या घरोघरी ती वस्तू परिचयाची असली पाहिजे.

आणखी दोन प्राचीन ग्रंथांनी ह्या बियेचा दृष्टान्त घेतला आहे, आणि आमच्या मते पुढील सर्व इतिहास ह्या दोन दृष्टान्तांत बीजरूपाने सामावलेला आहे. मनुस्मृतीचे म्हणणे असे की, फळ पाणी निवळविणारे असले तरी त्याच्या केवळ नामोच्चाराने पाणी निवळत नाही. आणि शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या आत्मबोधात ज्ञानाची तुलना कतकाच्या पुडीशी केली आहे: ती मळ खाली नेते आणि काम झाले की स्वतःही नाहीशी होते. पहिला दृष्टान्त कृतीविषयी आहे, दुसरा शुद्ध करणाऱ्या द्रव्याच्या स्वतःच्या निर्गमनाविषयी. वाचकांनी हे दोन्ही ध्यानात ठेवावेत.

तुरटी फिरविल्याने गाळ का बसतो, ह्याचे उत्तर मिळावयास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. पाण्यातील जड कण आपोआप बसतात. पण मातीचे अतिसूक्ष्म कण दिवसेंदिवस तरंगत राहतात. १८६१ साली टॉमस ग्रॅहम ह्या रसायनशास्त्रज्ञाने अशा अवस्थेतील द्रव्यांस कोलॉइड हे नाव दिले. हे कण ऋण विद्युद्भार धारण करतात, आणि सारख्या भाराचे म्हणून एकमेकांस दूर ढकलतात. एकत्र येत नाहीत म्हणून मोठे होत नाहीत आणि मोठे होत नाहीत म्हणून बसत नाहीत. तुरटीतील ॲल्युमिनियमवर तिप्पट धन भार असतो. तो कणांवरील ऋण भार मारतो. १८८२ साली शुल्त्से आणि १९०० साली हार्डी ह्यांनी दाखवून दिले की धन भार एकाचा दोन, दोनाचा तीन झाला की त्या द्रव्याची ही साकळविण्याची शक्ती केवळ दुप्पट-तिप्पट होत नाही, ती कित्येक पटींनी वाढते. म्हणूनच जे काम मूठभर मीठ करू शकत नाही, ते तुरटीचा लहानसा खडा करतो. शिवाय तुरटी पाण्यात ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे बुळबुळीत पुंजके निर्माण करते. ते खाली जाताना वाटेतील कण झाडूसारखे गोळा करीत नेतात. आजीची घागर हलवू नये हा नियमही शास्त्रास धरूनच होता: आधी ढवळावे, मग स्वस्थ ठेवावे. आजच्या जलशुद्धीकरण केंद्रांत हाच क्रम मोठ्या हौदांतून चालतो. १८८४ साली अमेरिकेत आयझया स्मिथ हायट ह्याने साकळविणारे द्रव्य घालून पाणी लगेच वाळूतून गाळण्याचे एकस्व घेतले, आणि शहरांच्या पाणीपुरवठ्यात ह्या क्रियेस स्थान मिळाले.

मातीचे पाणी निवळले; मग मैल्याचे का निवळू नये? हा प्रश्न लंडनने विचारला. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्सची दुर्गंधी इतकी असह्य झाली की पार्लमेंटच्या खिडक्यांस औषधात भिजविलेले पडदे लावावे लागले. त्यानंतर जोसेफ बॅझलजेट ह्या अभियंत्याने प्रचंड भुयारी गटारे बांधून शहराचा मैला पूर्वेस बार्किंग आणि क्रॉसनेस येथे नेऊन नदीत सोडला. घाण डोळ्यांआड झाली, नदीबाहेर गेली नाही. ३ सप्टेंबर १८७८ रोजी प्रिन्सेस ॲलिस नावाची प्रवासी आगबोट त्याच टापूत दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन बुडाली आणि ६०० हून अधिक माणसे दगावली. ती जेथे बुडाली तेथे थोड्याच वेळापूर्वी मैल्याचे पाणी सोडले गेले होते. त्या भीषण घटनेने लोकांचे लक्ष पुन्हा नदीकडे वळले.

दरम्यान मैल्यातून सोने काढू पाहणारे उद्योगी लोकही पुढे आले होते. १८६८ साली तुरटी, रक्त आणि चिकणमाती ह्यांच्या मिश्रणाने मैलापाणी साकळविण्याची एक पद्धत निघाली. तिन्हींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एबीसी म्हणत. खाली बसलेला साका वाळवून उत्तम खत म्हणून विकावयाचा, असा बेत होता. एडवर्ड फ्रँकलंड हा थोर रसायनज्ञ ज्या आयोगावर होता, त्या नदीप्रदूषण आयोगाने ही पद्धत तपासली आणि बेताचा फुगा फुटला. तरंगणारी घाण बसत होती. पण विरघळलेल्या घाणीचा मोठा भाग वरच्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात तसाच राहत होता, आणि खताला म्हणावी तशी किंमत नव्हती. अखेर लंडनने १८८० नंतरच्या दशकात चुना आणि हिराकस वापरून मैला साकळविण्याचे ठरविले. बसलेला साका १८८७ पासून खास जहाजांत भरून समुद्रात नेऊन टाकू लागले. ती जहाजे १९९८ पर्यंत चालू होती. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे लंडन पाणी निवळवीत होते आणि निवळलेले बाजूस ठेवून उरलेला साका समुद्राच्या पदरात घालीत होते.

विरघळलेल्या घाणीवर उपाय निघाला तो सजीवांच्या द्वारे. १९१४ साली मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट ह्यांनी मैल्याच्या पाण्यात हवा खेळवून, त्यात वाढणाऱ्या जंतूंकडून ती घाण खाववून घेण्याची रीत सिद्ध केली. त्यांना ज्यांचे मार्गदर्शन होते ते गिल्बर्ट फाउलर १९१६ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. जगातील बहुतेक मोठी मैलाशुद्धी केंद्रे आज ह्याच रीतीवर किंवा तिच्या वंशजांवर चालतात. तथापि जंतूंनाही न पचणारी द्रव्ये असतात; त्यांच्याकडे आपण पुढे वळू.

तत्पूर्वी दिल्लीचा एक प्रसंग सांगितला पाहिजे. आमच्या वसाहतीत टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक वृद्ध मराठी गृहस्थ राहतात. सारे त्यांना नाना म्हणतात. ह्या लेखाची टिपणे आम्ही त्यांना वाचून दाखवीत होतो. "निवळशंख" हा शब्द आला आणि त्यांनी आम्हांस थांबविले.

"अहो, त्या वर्षीही पाणी निवळशंखच होते," ते म्हणाले.

ते वर्ष म्हणजे १९५५. पावसाळ्यातील पुरानंतर यमुनेच्या प्रवाहाची जागा बदलली आणि नोव्हेंबरात नजफगढ नाल्याचे मैलायुक्त पाणी वझिराबादच्या पाणीपुरवठा केंद्राच्या तोंडाशी मागे सरकून आले. केंद्रातील लोक गाफील होते असे म्हणता येणार नाही. त्यांनी तुरटी वाढविली, क्लोरीन वाढविले. पाणी स्वच्छ दिसले. विषमज्वराची साथ आली नाही. पण १९५५ च्या डिसेंबरापासून १९५६ च्या जानेवारीअखेरपर्यंत शहरात काविळीचा कहर झाला. सुमारे २९,००० माणसे पिवळी पडली, आणि बाहेरून कावीळ न दिसता बाधा झालेल्यांची संख्या ह्याहून पुष्कळ मोठी होती. गर्भवती स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच अधिक होते. नाना तेव्हा दहा वर्षांचे होते. त्यांना स्वतःला कावीळ झाली आणि ते उठले. त्यांची धाकटी काकू सातव्या महिन्यात होती. ती पुण्याहून लग्न होऊन आली त्यास दीड वर्षही झाले नव्हते. "काकू पाणी गाळून, तुरटी फिरवून भरी हो," नाना म्हणाले, आणि पुढे बोलले नाहीत.

त्या साथीचे कारण वैद्यकास तेव्हा ओळखता आले नव्हते. दिल्लीच्या त्या रुग्णांच्या रक्ताचे जपून ठेवलेले नमुने पुढे तपासले गेले. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु संस्थेतील शास्त्रज्ञांचा वाटा होता. तोवर माहीत असलेले काविळीचे 'ए' आणि 'बी' हे दोन्ही विषाणू त्या साथीस कारण नव्हते, असे त्यातून निष्पन्न झाले. आज ज्यास हेपॅटायटिस 'ई' म्हणतात तो हा रोग. काकूंचे माहेर पुण्याचे आणि तिच्या रोगाच्या शोधातील एक पाऊलही पुण्यातच पडले, ह्यास योगायोग म्हणावे की आणखी काही, हे आम्हांस कळत नाही. परंतु एवढे कळले की निवळणे आणि शुद्ध होणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. डोळ्यास दिसते ते साकळविणे सोपे. न दिसणाऱ्याचा हिशेब वेगळाच मांडावा लागतो.

आता फेसाकडे वळू. साबणाच्या रेणूस एक डोके आणि एक शेपूट असते. डोक्यास पाणी आवडते, शेपटीस तेल. म्हणून तो रेणू पाणी आणि मळ ह्यांच्या सीमेवर उभा राहून दोघांची गाठ घालून देतो. अशा द्रव्यांस पृष्ठसक्रिय द्रव्ये म्हणतात. जुना साबण जड पाण्यात फेसाळत नाही. पाण्यातील चुन्याशी संयोग पावून त्याचा चोथा होतो. गृहिणीच्या दृष्टीने हा दोष, पण नदीच्या दृष्टीने तो गुण होता. कारण साबण आपण होऊन पाण्याबाहेर पडत होता, आणि जे उरे ते जंतू खाऊन टाकीत. दुसऱ्या महायुद्धानंतर निघालेल्या कृत्रिम डिटर्जंटांनी हा दोष घालविला आणि त्याबरोबर गुणही गेला. त्यांच्या शेपटीस फांद्या होत्या. जंतूंना सरळ शेपूट कुरतडता येते, फांद्यांची येत नाही. १९५० नंतरच्या दशकात इंग्लंड, जर्मनी, अमेरिका येथील नद्यांवर आणि मैलाशुद्धी केंद्रांवर फेसाचे डोंगर उभे राहिले. पश्चिम जर्मनीने १९६१ साली कायदा केला आणि १९६४ पासून न कुजणाऱ्या डिटर्जंटांस बंदी घातली. अमेरिकेतील कारखानदार १९६५ पर्यंत आपण होऊन सरळ शेपटीच्या द्रव्याकडे वळले. फेस ओसरला. आत्मबोधातील अट त्या कारखानदारांनी वाचली असती तर दहा-पंधरा वर्षे वाचली असती: जो मळ काढावयास जातो, त्याने काम झाल्यावर स्वतःही गेले पाहिजे.

मग आमच्या यमुनेवर आजही फेस का? वझिराबादपासून ओखल्यापर्यंतचा २२ किलोमीटरांचा पट्टा नदीच्या एकंदर लांबीच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. पण नदीच्या प्रदूषणाचा सर्वांत मोठा भाग तेथे पडतो. सरळ शेपटीचे द्रव्य कुजते खरे. पण कुजण्यास प्राणवायू लागतो, आणि ज्या पाण्यात न शुद्ध केलेले मैलापाणी अखंड ओतले जाते तेथे प्राणवायू उरत नाही. उपाय ज्ञात असूनही तो प्रत्यक्ष नदीपर्यंत पोहोचत नाही, असे हे दुखणे आहे.

अलीकडील संशोधनाने ह्या गोष्टीस एक चमत्कारिक वळण दिले आहे. फिनॉलसारखी कारखान्यांची द्रव्ये किंवा २,४-डी सारखी तणनाशके पाण्यात रेणुरूपाने विरघळतात. त्यांचे कण नसतात, म्हणून तुरटी त्यांना फारसे पकडू शकत नाही. काही तर जंतूंनाच मारक ठरतात. त्यांना धरावयाचे कसे? विसाव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधील संशोधकांनी असे प्रयोग केले की, ज्यास आपण आरोपी समजत आलो त्या पृष्ठसक्रिय द्रव्यासच साक्षीला बोलवावे. हे द्रव्य पाण्यात एका मर्यादेपलीकडे वाढले की त्याचे रेणू शेपट्या आत आणि डोकी बाहेर करून इवलेसे गोळे बांधतात. त्यांस मायसेल म्हणतात. तेलाकडे ओढा असलेले प्रदूषक ह्या गोळ्यांच्या आत वा अंगास जाऊन बसतात. लॉरिल सल्फेटसारख्या द्रव्याच्या गोळ्यांवर ऋण भार असतो, अगदी नदीच्या गाळाच्या कणांवर असतो तसाच. आता त्यात ॲल्युमिनियमचे लवण घातले की तिप्पट धन भाराचा तोच जुना खेळ सुरू होतो: गोळे एकमेकांस चिकटतात, पुंजके होतात, आणि पोटातील पाहुण्यांसह ते गाळून वेगळे करता येतात. विरघळलेल्यास आधी कणाचे रूप द्यावयाचे आणि मग कणास साकळवावयाचे, अशी ही द्विपदी युक्ती. आजीचा तुरटीचा खडा येथे पुन्हा हजर आहे. फक्त गाळाच्या जागी साबणाचे गोळे आले आहेत.

ही युक्ती प्रयोगशाळेत सुंदर चालते. पण तिच्यापुढेही तेच दोन जुने प्रश्न उभे राहतात. गोळे बांधण्यासाठी लॉरिल सल्फेट दर लिटरला दोन ग्रॅमांहून अधिक लागते, आणि पुंजके गाळल्यावरही त्याचा काही अंश पाण्यात राहतो. एका प्रदूषकास घालवावयाचे आणि त्याच्या जागी दुसऱ्यास बसवावयाचे, असे झाले तर काय साधले? म्हणून शिल्लक किती राहते हे मोजणे आणि पुंजक्यांतून ते द्रव्य परत मिळविणे ही ह्या विद्येची खरी कसोटी आहे. दुसरा प्रश्न साक्याचा. विष आता पाण्यात नाही, साक्यात आहे; पण आहेच. लंडनची जहाजे ज्या समुद्राकडे गेली तो समुद्र आता कोणास मोकळा नाही.

आपल्याकडेही ह्या विषयाचा अभ्यास आजचा नाही. १९५८ साली नागपूर येथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ मध्ये तिला आजचे नीरी हे नाव मिळाले. निवळीच्या बियांवरही त्या संस्थेत संशोधन झाले. तेथेच सिद्ध झालेल्या नळगोंडा पद्धतीत तुरटी, चुना आणि विरंजक चूर्ण वापरून पाण्यातील अपायकारक फ्लोराइड काढतात. ज्या गावांत मुलांचे दात आणि म्हाताऱ्यांची हाडे पाण्यापायी बिघडत होती, तेथे ती बादलीतही करता येईल इतकी साधी ठेवण्यात आली. विद्या घागरीतून निघाली आणि बादलीत परतली, ह्यात आम्हांस मोठे समाधान वाटते.

असो. १९७४ साली जलप्रदूषण निवारणाचा कायदा झाला, १९९३ साली यमुना कृती योजना सुरू झाली, २०२१ साली दिल्लीत मानकांत न बसणाऱ्या साबणांच्या आणि डिटर्जंटांच्या विक्रीस मनाई झाली. ह्या प्रत्येकामागे कोणीतरी प्रामाणिकपणे टिपण लिहिले असेल, कोणीतरी तारखा घातल्या असतील. आम्हीच तसले कागद रोज हाताळतो आणि ते निरर्थक असतात असे आम्ही मानीत नाही. पण मनुस्मृतीचा तो दृष्टान्त जणू आमच्या टेबलासाठीच लिहिला गेला असावा. निवळीचे नाव फाइलीवर घालून आम्ही ती पुढे पाठवितो, आणि घागर मात्र कोपऱ्यात तशीच गढूळ राहते.

नानांनी हा लेख संपूर्ण ऐकला. काकूंचा उल्लेख ठेवू का, असे आम्ही त्यांना विचारले. थोडा वेळ ते गप्प राहिले, मग म्हणाले, "ठेवा. तिचे नाव मात्र घालू नका. नावाने काय होते?" आणि मग आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "पाणी उकळून प्यायचे, एवढे तेव्हा कोणी सांगितले असते तरी पुरे होते."